राष्ट्राध्यक्षाला पुन्हा उभं राहू न देणं हा मूलभूत हक्काचा भंग आहे का?

तळटीप

३१ जुलै २०२५ ला एल साल्वादोरच्या विधानसभेत एक घटनादुरुस्ती मांडली गेली आणि त्याच दिवशी ५७ विरुद्ध ३ मतांनी मंजूर झाली. राष्ट्राध्यक्ष आता कितीही वेळा निवडणूक लढवू शकतो, मुदत पाचाऐवजी सहा वर्षं, आणि कोणालाच निम्म्याहून जास्त मतं न मिळाल्यास होणारी दुसरी फेरी बंद. पूर्वी तिथे दुरुस्ती एका विधानसभेने मंजूर करायची आणि निवडणुकीनंतर आलेल्या पुढच्या विधानसभेने तिच्यावर शिक्कामोर्तब करायचं, असा नियम होता. त्याच वर्षी जानेवारीत तो सैल केला: तीन चतुर्थांश मतं असतील तर एकच विधानसभा पुरे. म्हणून सगळं एका दिवसात उरकलं.

धागा मात्र तिथले राष्ट्राध्यक्ष नायिब बुकेले यांच्यावर नाही. हे दार ज्या युक्तिवादाने किलकिलं झालं, त्यावर आहे. युक्तिवाद असा: निवडणूक लढवणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क, हवा तो उमेदवार निवडणं हा मतदाराचा. मग 'दोनदा झालं, आता बस' म्हणणारं घटनेचं कलम या दोन्ही हक्कांवर गदा आणतं. सबब ते कलम लागू करता येणार नाही. म्हणजे मूलभूत हक्कांच्या नावाने घटनेचंच कलम बाद!

निकाराग्वात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हेच केलं, विरोधी गटाचे न्यायमूर्ती हजर नसताना. बोलिव्हियात तर कमाल झाली. २१ फेब्रुवारी २०१६ ला सार्वमत घेऊन लोकांना विचारलं की राष्ट्राध्यक्ष एवो मोरालेस यांना आणखी एकदा उभं राहू द्यायचं का. ५१ टक्क्यांच्या वर लोक 'नाही' म्हणाले. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथल्या घटना न्यायाधिकरणाने सांगितलं, की आंतर-अमेरिकी मानवाधिकार कराराच्या कलम २३ पुढे (मत देण्याचा आणि निवडणूक लढवण्याचा हक्क) आमच्या घटनेतली मर्यादा टिकत नाही. सार्वमत राहिलं बाजूला.

सगळ्यात मासलेवाईक प्रकरण होंडुरासचं. १९८२ च्या घटनेत कलम २३९ असं कडक, की एकदा राष्ट्राध्यक्ष झालेला माणूस पुन्हा होऊ शकत नाही, आणि हे कलम बदला असं जो सुचवेल त्याचं पद तत्काळ जाईल, शिवाय दहा वर्षं बंदी. वर ३७४ व्या कलमात कुलूप: हा भाग दुरुस्त करताच येणार नाही. २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष मानुएल सेलाया नवी संविधान सभा बोलवायची का याचा लोकांचा कौल घ्यायला निघाले. त्यांना पुन्हा निवडून यायचंय असा आरोप झाला, आणि २८ जूनला पहाटे लष्कराने त्यांना रात्रीच्या कपड्यांवर उचलून विमानाने कोस्टा रिकाला नेऊन सोडलं. पुढे २०१५ मध्ये त्याच देशाच्या घटनापीठाने ठरवलं, की कलम २३९ मूलभूत हक्कांच्या विरोधात असल्याने लागूच होत नाही. (नुसतं सुचवल्याबद्दल शिक्षा म्हणजे अभिव्यक्ती स्वातंत्र्यावर घाला, हाही एक मुद्दा होता, आणि तेवढ्यापुरता मला तो पटतो.) घटनेचा मजकूर जसाच्या तसा राहिला, आणि हुआन ओर्लांदो हर्नांदेझ २०१७ मध्ये पुन्हा उभे राहून वादग्रस्त मोजणीनंतर पुन्हा राष्ट्राध्यक्ष झाले.

आता गोम. डिसेंबर २०१२ मध्ये होंडुरासच्या काँग्रेसने घटनापीठाच्या पाचांपैकी चार न्यायमूर्तींना रातोरात घरी पाठवलं होतं. तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष कोण? हेच हर्नांदेझ. एल साल्वादोरमध्येही तोच क्रम. १ मे २०२१ ला नवी विधानसभा पहिल्यांदा बसली आणि पहिल्याच बैठकीत घटनापीठाचे पाचही न्यायमूर्ती काढले. सप्टेंबरमध्ये नव्या पीठाने लागोपाठच्या फेरनिवडणुकीला हिरवा कंदील दाखवला.

याच्या उलट कोलंबिया. अल्वारो उरिबे २००२ आणि २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, लोकप्रियता अफाट. तिसऱ्या खेपेसाठी सार्वमत घ्यायचा कायदा झाला. २६ फेब्रुवारी २०१० ला घटना न्यायालयाने तो ७ विरुद्ध २ ने रद्द केला. सह्यांच्या मोहिमेत खर्चाची मर्यादा ओलांडली गेली होती. लोकांनी ज्या मजकुरावर सह्या केल्या त्यातून उरिबेंना २०१४ मध्ये उभं राहता आलं असतं. काँग्रेसने तो परस्पर बदलून २०१० चा केला होता. हे झालं प्रक्रियेचं. गाभ्याचा मुद्दा वेगळाच होता: राष्ट्राध्यक्षाची मुदत चार वर्षांची धरून बाकीची सगळी घडी बसवलेली आहे. घटना न्यायालयाच्या नऊपैकी तीन न्यायमूर्तींसाठी नावं राष्ट्राध्यक्ष सुचवतो, महाअभियोक्त्याची यादी तो देतो, मध्यवर्ती बँकेच्या मंडळावर माणसं तो नेमतो. बारा वर्षं एकच माणूस बसला तर त्याच्यावर लक्ष ठेवणारे सगळे त्याचेच. ही दुरुस्ती नव्हे, ही घटना बदलून दुसरी बसवणं आहे, असं न्यायालय म्हणालं. उरिबेंनी त्याच दिवशी निकाल मान्य केला.

माझं म्हणणं एवढंच, की कलम किती कडक लिहिलंय याने फारसा फरक पडत नाही. निकालाची तारीख बघू नका, पीठ बदलल्याची तारीख बघा.

मोरपंखी

वाचतेय. होंडुरासचं माहीत नव्हतं, कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं. एक शंका. वयाची अट, नागरिकत्वाची अट, या पण उमेदवारीच्या हक्कावरच्या मर्यादाच ना? त्या चालतात आणि मुदतीची नाही चालत, असं कसं?

दुसरी बाजू

ठरल्याप्रमाणे विरोधी सूर लावतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये बुकेलेंना ८४ टक्क्यांच्या आसपास मतं पडली. रस्त्यावर टोळ्यांचं राज्य होतं ते संपलं म्हणून लोकांनी दिली. त्यांना 'तुमचा आवडता माणूस सोडून बाकी कोणालाही निवडा' असं सांगणारं कलम कोणी लिहिलं? चाळीस वर्षांपूर्वी कोणीतरी. जर्मनीत चॅन्सेलरला मुदतीची मर्यादाच नाही. हेल्मुट कोल सोळा वर्षं, अँगेला मर्केल सोळा वर्षं. तिथे लोकशाही बुडाली का? अमेरिकेत तरी बाविसावी दुरुस्ती १९५१ मध्ये आली, त्याआधी दीडशे वर्षं काय हुकूमशाही होती?

दुसरं, तळटीप यांच्या सिद्धांतात एक भोक आहे. कोस्टा रिका. २००३ मध्ये तिथल्या घटनापीठाने राष्ट्राध्यक्षाच्या फेरनिवडणुकीवरची बंदी उठवली आणि ऑस्कर आरियास २००६ मध्ये पुन्हा निवडून आले. त्या पीठाला कोणी रातोरात बदललं नव्हतं. स्वतंत्र न्यायालयाने, मूलभूत हक्काच्याच आधारावर दिलेला निकाल आहे तो.

खुसपट

कोस्टा रिकाचं उदाहरण चांगलं आहे पण अर्धं सांगितलंत, राव. १९४९ च्या मूळ घटनेत माजी राष्ट्राध्यक्षाला आठ वर्षं थांबून पुन्हा उभं राहता येत होतं. १९६९ मध्ये विधानसभेने दुरुस्ती करून कायमची बंदी घातली. न्यायालय म्हणालं, मूळ संविधान सभेने दिलेला हक्क विधानसभेला साध्या दुरुस्तीने काढून घेता येत नाही. म्हणून मूळ कलम परत आलं, आठ वर्षांच्या विश्रांतीसकट. खुर्चीत बसलेल्या माणसाला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. फरक आहे तो इथे.

आणि धागाकर्त्यांनी कोलंबियाच्या न्यायालयाची आरती जरा जास्तच ओवाळलीय. मुळात दुसऱ्या खेपेलाही बंदी होती. २००४ च्या दुरुस्तीने ती उठवली आणि ती दुरुस्ती याच न्यायालयाने २००५ मध्ये वैध ठरवली. पुढे २००८ मध्ये सिद्ध झालं, की त्या दुरुस्तीवेळी एका महिला खासदाराने निर्णायक मत लाच घेऊन फिरवलं होतं. एकदा दार उघडून दिलं आणि मग उंबरठ्यावर अडवलं, असा हिशोब आहे तो.

तळटीप

@मोरपंखी, नेमका हाच प्रश्न कोलंबियाने २०१९ मध्ये सान होसेच्या आंतर-अमेरिकी न्यायालयाला विचारला: अमर्याद फेरनिवडणूक हा करारातला मानवाधिकार आहे का? २०२१ मध्ये सल्लागार मत आलं (क्रमांक २८): नाही. कलम २३ मध्ये वय, नागरिकत्व, भाषा वगैरे कारणांची यादी आहे. बोलिव्हियाचं न्यायाधिकरण म्हणत होतं की यादीत मुदत नाही, म्हणून मुदतीची अट घालताच येत नाही. सान होसेचं उत्तर असं, की ती यादी भेदभाव रोखण्यासाठी आहे, तिचा अर्थ इतका ताणायचा नसतो. राष्ट्राध्यक्षीय पद्धतीत सलग राहण्यावर मर्यादा घालणं वाजवी आहे, आणि अमर्याद फेरनिवडणुकीची मुभा देणंच कराराशी विसंगत आहे.

@दुसरी बाजू, जर्मनीचं उत्तर याच मतात दडलंय. चॅन्सेलर संसदेच्या बहुमतावर जगतो. १९८२ मध्ये हेल्मुट श्मिट यांना अविश्वास ठरावाने काढूनच कोल आले होते. राष्ट्राध्यक्षाला मुदतीच्या आत असं सहज हलवता येत नाही. आणि अमेरिकेत १९५१ पर्यंत वॉशिंग्टनने पाडलेला पायंडा होता, तो फक्त एफ. डी. रूझवेल्ट यांनी मोडला. मोडला म्हणूनच तर दुरुस्ती झाली.

८४ टक्क्यांचं म्हणाल तर उरिबेंनाही २०१० मध्ये लोक हवेच होते. दोन देशांत लोकप्रियता सारखी, निकाल उलटे. म्हणून मी पीठाकडे बोट दाखवतोय.

अर्धविराम

पीठ तर खरंच, पण इतक्या लोकप्रिय माणसाला 'नाही' म्हणायची ऐपत कोलंबियाच्या न्यायालयाकडे आली कुठून? मला वाटतं त्याचं उत्तर राष्ट्राध्यक्षांच्या खटल्यात सापडणारच नाही. ते तुतेलात आहे, म्हणजे मूलभूत हक्कासाठी करायच्या तातडीच्या अर्जात.

१९९१ च्या घटनेचं कलम ८६. मूलभूत हक्काचा भंग होतोय असं वाटणारा कोणीही, देशातल्या कुठल्याही न्यायाधीशाकडे अर्ज करू शकतो. वकील लागत नाही. ठरावीक नमुना नाही. निकड असेल, किंवा अर्जदाराला लिहिता येत नसेल, किंवा तो अल्पवयीन असेल, तर तोंडी सांगितलं तरी चालतं, ते नोंदवून घ्यावं लागतं. आणि न्यायाधीशाला दहा दिवसांत निकाल द्यायचा असतो. अपील झालं तर वीस दिवस. शेवटी प्रत्येक तुतेला घटना न्यायालयाकडे जातो आणि तिथे त्यातले काही फेरतपासणीसाठी निवडले जातात.

आता प्रत्यक्षात काय होतं बघा. कर्करोगाच्या औषधाला विमा संस्था नाही म्हणते. बाई जिल्ह्याच्या न्यायाधीशाकडे जाते, एका पानावर लिहून देते. न्यायाधीश संस्थेला खुलासा मागवतो, दहा दिवसांच्या आत 'औषध द्या' असा हुकूम निघतो. हुकूम पाळला नाही तर संस्थेच्या अधिकाऱ्याला अटकही होऊ शकते. अशी प्रकरणं इतकी साचली, की २००८ मध्ये घटना न्यायालयाने त्यातली २२ एकत्र घेऊन एकच मोठा निकाल दिला (टी-७६०) आणि अख्ख्या आरोग्यव्यवस्थेची फेररचना करायला सरकारला सांगितलं: विम्याच्या दोन वर्गांतल्या (हप्ता भरणारे आणि सरकारी मदतीवरचे) सोयीसुविधा समान करा, मिळणाऱ्या उपचारांची यादी अद्ययावत ठेवा.

म्हणजे २०१० पर्यंत लाखो घरांत 'कोर्टाने औषध मिळवून दिलं' हा अनुभव होता. असं न्यायालय रातोरात घरी पाठवणं राजकीयदृष्ट्या महाग पडतं. होंडुरासच्या घटनापीठाने सामान्य माणसाला असं काय दिलं होतं, की चार न्यायमूर्ती गेले म्हणून लोक रस्त्यावर येतील?

मोरपंखी

दहा दिवस! मला आधी टंकनदोष वाटला.
पण मग न्यायाधीश बाकीची कामं कधी करतात? दिवाणी दावे वाऱ्यावर?

अर्धविराम

तक्रार तीच आहे, ताई. तुतेलाला बाकी सगळ्यांच्या आधी घ्यावं लागतं, त्यामुळे इतर खटले मागे पडतात. दुसरा आक्षेप असा, की ज्याला अर्ज करायचं सुचतं त्याला औषध आधी मिळतं, आणि त्यात मध्यमवर्ग पुढे असतो. दोन्ही आक्षेप खरे आहेत. तरी तुतेला काढून टाका असं म्हणायची हिंमत तिथल्या राजकारण्यांना सहसा होत नाही, यातच काय ते आलं.

निमशहाणा

लॅटिन अमेरिकेतून थोडं आफ्रिकेकडे वळू या का? तिथे हा खेळ जास्त उघडानागडा आहे.

नायजर, २००९. राष्ट्राध्यक्ष मामादू तांजा यांना मुदत वाढवण्यासाठी सार्वमत हवं होतं. घटना न्यायालयाने बेकायदा म्हटलं. त्यांनी संसद बरखास्त केली, मग न्यायालयही बरखास्त केलं, ऑगस्टमध्ये सार्वमत घेतलं, जिंकलं. फेब्रुवारी २०१० मध्ये लष्कराने त्यांनाच उचललं. (लष्कराने उचलणं हा उपाय नव्हे. नायजरचं त्यानंतर काय झालं ते सगळ्यांना दिसतंय.)

बुरुंडी, २०१५. तिसऱ्यांदा उभं राहायला निघालेले राष्ट्राध्यक्ष पिएर एन्कुरुन्झिझा यांचं म्हणणं, २००५ मध्ये मला संसदेने निवडलं होतं, लोकांनी नव्हे, तेव्हा ती खेप मोजायची नाही. घटना न्यायालयाने मान्य केलं. पण निकालावर सही न करता न्यायालयाचे उपाध्यक्ष सिल्व्हेर निंपागारित्से रवांडात पळून गेले आणि न्यायमूर्तींना धमक्या येत होत्या असं त्यांनी तिथून सांगितलं.

सेनेगलने दोन्ही रंग दाखवले. २०१२ मध्ये घटना परिषदेने राष्ट्राध्यक्ष अब्दुलाये वाद यांना तिसऱ्यांदा उभं राहू दिलं: दोन खेपांची मर्यादा २००१ च्या घटनेत आली, तुम्ही २००० मध्ये निवडून आलात, म्हणून पहिली खेप मोजायची नाही. लोकांनी त्यांना मतपेटीतून घरी पाठवलं. जिंकले ते माकी साल. बारा वर्षांनी याच साल यांच्या काळात निवडणूक फेब्रुवारीतून डिसेंबरवर ढकलली गेली. १५ फेब्रुवारी २०२४ ला त्याच परिषदेने ते रद्द केलं. २४ मार्चला मतदान झालं आणि दहा दिवसांपूर्वी तुरुंगातून सुटलेले बासिरू जोमाय फाय पहिल्याच फेरीत जिंकले.

तेव्हा तळटीप यांच्या सिद्धांतात भर: पीठ तर महत्त्वाचं आहेच, पण निकाल मानणारा माणूस समोर असावा लागतो. तांजांनी मानला नाही, साल यांनी मानला.

दुसरी बाजू

बरं, आता मूळ दुखणं. कोलंबियाने 'दुरुस्तीच घटनाबाह्य' म्हटलं. हे तत्त्व भारताचं, केशवानंद भारती, २४ एप्रिल १९७३, तेरा न्यायमूर्ती, ७ विरुद्ध ६. एका मताने जग बदललं! घटनादुरुस्तीच्या ३६८ व्या कलमात 'मूलभूत चौकट' (दुरुस्तीनेही बदलता न येणारा घटनेचा गाभा) असं कुठेही लिहिलेलं नाही. निवडून न आलेल्या सात लोकांनी ते शोधून काढलं. आज आपल्याला आवडतो तो निकाल देतील, उद्या नाही. होंडुरासच्या पीठानेही 'वरचं तत्त्व' शोधूनच काढलं ना? दोघांची रीत एकच.

खुसपट

रीत एकच नाही. केशवानंदने घटनेचा गाभा धरून दुरुस्ती अडवली. होंडुरासने हक्क पुढे करून घटनेचाच गाभा काढला. १९७५ चा वापर बघा. पंतप्रधानांच्या निवडणुकीचा वाद न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेणारी एकोणचाळिसावी दुरुस्ती आली, निवडणूक रद्द झालेली असताना. त्या दुरुस्तीतला तो भाग सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९७५ मध्ये याच तत्त्वावर बाद केला, तेही आणीबाणीत. (निवडणूक मात्र वैध ठरवली, ते आहेच.)

तत्त्व सर्वस्वी इथलंही नाही. जर्मनीच्या १९४९ च्या मूलभूत कायद्यात कलम ७९ (३) आहे: मानवी प्रतिष्ठा, लोकशाही, संघराज्य यांना दुरुस्तीने हात लावायचा नाही. डिएटर कॉनराड नावाच्या जर्मन अभ्यासकाने १९६५ मध्ये बनारसला व्याख्यान दिलं, तो विचार गोलकनाथ खटल्यात वकिलांनी मांडला आणि पुढे केशवानंदमध्ये रुजला. बांगलादेशाने १९८९ मध्ये घेतला. केनियाने मात्र परत पाठवला: तिथल्या उच्च न्यायालयाने आणि अपील न्यायालयाने २०२१ मध्ये मूलभूत चौकट मान्य केली, ३१ मार्च २०२२ ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं, आमच्या २०१० च्या घटनेत दुरुस्तीचे मार्गच इतके काटेकोर आहेत की बाहेरचं तत्त्व आणायची गरज नाही. तरीही राष्ट्राध्यक्षाने पुढे आणलेली ती दुरुस्ती पडलीच, कारण दहा लाख सह्यांचा लोकपुढाकाराचा मार्ग राष्ट्राध्यक्षाला वापरता येत नाही, तो सामान्य नागरिकांसाठी आहे.

मला केनियाचा मार्ग जास्त प्रामाणिक वाटतो.

निमशहाणा

+१. लिहूनच ठेवायचं तर दक्षिण कोरियासारखं. १९८७ च्या घटनेत राष्ट्राध्यक्षाला पाच वर्षांची एकच खेप. आणि कलम १२८ (२): मुदत वाढवणारी किंवा फेरनिवडणुकीला परवानगी देणारी दुरुस्ती, ती मांडली जाताना पदावर असलेल्या राष्ट्राध्यक्षाला लागू होणार नाही. पाहिजे तर बदला, फायदा पुढच्याला. लोकांचा हक्कही शाबूत, बसलेल्याचा मोहही गेला.

दुसरी बाजू

हे मात्र आवडलं. चाळीस वर्षांपूर्वीचे लोक कधीकधी बरं लिहून जातात.

पण तळटीप, तुमच्या बोलिव्हियाचं पुढे काय झालं? सल्लागार मतानंतर न्यायाधिकरणाने शब्द फिरवला की नाही?

तळटीप

फिरवला. मधल्या काळात २०१९ ची निवडणूक वादात सापडली, मोरालेस यांनी १० नोव्हेंबरला राजीनामा देऊन देश सोडला. मग डिसेंबर २०२३ च्या अखेरीस न्यायाधिकरणाने सांगितलं, की अमर्याद फेरनिवडणूक हा मानवाधिकार नाही, मर्यादा वैध आहे.

आता पुढची गंमत. बोलिव्हियात वरिष्ठ न्यायाधीश लोकांच्या मतांनी निवडले जातात, सहा वर्षांसाठी. या न्यायमूर्तींची मुदत त्याच वर्षअखेरीस संपत होती आणि नव्या निवडणुका झाल्याच नव्हत्या. तेव्हा त्याच डिसेंबरमध्ये, या निकालाच्या दोनेक आठवडे आधी, त्यांनी आणखी एक निकाल देऊन स्वतःची मुदत स्वतःच वाढवून घेतली होती.

मोरपंखी

😄 आणि कलम कुठलं लावलं?

तळटीप

न्यायव्यवस्था रिकामी राहिली तर नागरिकांचे मूलभूत हक्क कोण सांभाळणार, हे कारण दिलं. न्यायाधीशांच्या निवडणुका पुढे १५ डिसेंबर २०२४ ला झाल्या, त्याही अर्ध्यामुर्ध्या. घटना न्यायाधिकरणाच्या काही जागांवर तेव्हा मतदानच झालं नाही.